जुनें विंडोज, नवें यंत्र

वाचकहो, जुन्या संगणकाची डिस्क नव्यांत बसविली कीं विंडोज १० वा ११ नवे भाग बहुधा आपणहून ओळखतें. भय आहे तें कुलुपाचें. पुष्कळदां घरांत कोणासही न कळतां डिस्कवर बिटलॉकरचें कुलूप पडलेलें असतें, आणि त्याची किल्ली जुन्या मदरबोर्डावरील चिप सांभाळीत असते. नव्या यंत्रांत ४८ अंकांची रिकव्हरी-की मागितली जाते. ती नसल्यास कुटुंबाचीं सारीं छायाचित्रें बंदच राहतात, प्रत्यक्ष मायक्रोसॉफ्टलाही तीं उघडतां येत नाहींत. हे अंक बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत सांपडतात. डिस्क काढण्यापूर्वींच ते वहींत उतरून घ्यावे. शेजारच्या हुशार मुलावर हवाला ठेवूं नये! परवान्याचें म्हणाल, तर यंत्राबरोबर आलेला सामान्यतः जुन्या मदरबोर्डाशींच बांधलेला असतो. स्वतंत्र विकत घेतलेला मात्र बरोबर नेतां येतो.