रिसेटचं बटण सर्वांत शेवटी

‘नॅस गेला’ असं सांगणारा ग्राहकाचा फोन आपल्याकडे आठवड्याला एखादा तरी येतोच. गेला म्हणजे बंद पडला, की नेटवर्कवर दिसेनासा झाला, हे त्याला सांगता येत नाही आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नको. ते शोधणं आपलं काम आहे. पण आपल्यातले बरेच जण दारातून आत शिरताच पिन घेऊन रिसेटचं भोक शोधू लागतात. याच सवयीबद्दल या महिन्यात लिहायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थांकडे जावं लागलं. माळ्यावर दोन डिस्कचा नॅस, त्यात सहा वर्षांची लग्नं. माझ्याआधी एक जण येऊन गेला होता. त्याने एक डिस्क बाहेर काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली. विंडोजने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? वहिनी मागे उभ्या होत्या. “दादा, थांबा, आधी हे घरी येऊ देत,” असं त्या म्हणाल्या, म्हणून ती लग्नं वाचली. नॅसची डिस्क बहुधा लिनक्सच्या पद्धतीने, एक्स्ट-४ किंवा बीटीआरएफएसमध्ये लिहिलेली असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते हा प्रश्न विचारतं. डिस्क खराब झाल्याचा तो पुरावा नव्हे. डिस्क दोन्ही धडधाकट होत्या.

माझ्या भेटीच्या आठ दिवस आधी घरात फायबरचं नवं कनेक्शन आलं होतं आणि त्यासोबत नवा राउटर. जुना राउटर १९२.१६८.१ मधले पत्ते द्यायचा, नवा १९२.१६८.० मधले. नॅसला मात्र कोणीतरी पूर्वी १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा देऊन ठेवलेला. मी लॅपटॉप थेट केबलने नॅसला जोडला, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० दिला आणि ब्राउझर उघडला. लॉगिनचं पान समोर आलं. नॅस डीएचसीपीवर टाकला, नव्या राउटरमध्ये त्याच्या मॅक क्रमांकासाठी पत्ता राखून ठेवला. सगळं मिळून वीस मिनिटं.

म्हणून आधी रस्ता तपासा. पोर्टचा दिवा लागतोय का, केबल बदलून फरक पडतो का, राउटरच्या यादीत नॅसचा मॅक दिसतो का? पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. ग्राहकाचा फोन गेस्ट वायफायवर असेल तर त्याला नॅस दिसणारच नाही. वीज अचानक गेल्यावर नॅस सुरू होताना फाइल सिस्टीम तपासत बसतो, मोठ्या डिस्कवर याला तास लागतात. त्या वेळी दिवा लुकलुकतोय म्हणून प्लग उपटणं म्हणजे नसलेला बिघाड ओढवून घेणं.

पत्त्याने उघडतो पण नावाने दिसत नाही, ही तक्रार वेगळी. फाइल शेअरिंगच्या एसएमबी-१ या जुन्या पद्धतीतून पसरलेला वॉनाक्रायचा हल्ला मे २०१७ मधला. त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ येत नाही, त्यामुळे जुने नॅस ‘नेटवर्क’मधून गायब झाले. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून पासवर्डविना उघडणारे शेअरही मूळ सेटिंगवर चालत नाहीत. यावर एसएमबी-१ पुन्हा चालू करून देणारे आपल्यात आहेत. तसं करू नका. नॅसचं फर्मवेअर अद्ययावत करा, एसएमबी-२ किंवा ३ लावा, खातं आणि पासवर्ड द्या. जो नॅस तेवढंही करू शकत नाही, त्यातला डेटा काढून घ्या आणि त्याला निवृत्त करा.

आता रिसेट. सिनॉलॉजीत चार सेकंद दाबलं की एक बीप येते आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड व नेटवर्कची सेटिंग मूळपदावर येतात. लगेच पुन्हा तसंच दाबलं तर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची वेळ येते. क्यूनॅपमध्ये तीन सेकंदांचा अर्थ वेगळा, दहा सेकंदांचा वेगळा. या दोन्हींत डेटा राहतो, म्हणून सगळीकडेच राहतो असं धरून चालू नका. जून २०२१ मध्ये इंटरनेटला उघडे असलेले माय बुक लाइव्ह नॅस हॅकरांनी दुरून फॅक्टरी रिसेट केले आणि लोकांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली पुसल्या गेल्या. मॅन्युअल वाचल्याशिवाय पिन खिशातून काढायची नाही. दोन डिस्कची मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ग्राहकाला त्याच भेटीत सांगा.

त्या फोटोग्राफरच्या नॅसवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर मॅक क्रमांक, राखून ठेवलेला पत्ता, कुठली डिस्क कुठल्या खणात आणि शेवटच्या बॅकअपची तारीख लिहिली आहे. या महिन्यात आपल्या पाच जुन्या ग्राहकांना फोन करा आणि त्यांच्या नॅसवरही अशी चिठ्ठी लावून या.