घटना पाठ झाली, वाद राहून गेला

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले, तरी अमेरिकेच्या राज्यघटनेची वैशिष्ट्ये तो धडाधड सांगू शकतो. लिखित घटना, परिदृढ घटना, संघराज्य, अध्यक्षीय पद्धती, सत्ताविभाजन, नियंत्रण व समतोल, न्यायालयीन पुनर्विलोकन. प्रत्येकावर चार ओळी लिहिल्या की उत्तर पुरे होते. विद्यार्थी असताना मीही ही यादी पाठ केली होती, तिच्यावर गुणही मिळवले होते आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर तीच यादी इमानेइतबारे वर्गात लिहून दिली. या वहीतून त्या वहीत ती उतरत राहिली. हा लेख म्हणजे त्या यादीविरुद्धची माझी तक्रार आहे, आणि या तक्रारीतला पहिला आरोपी मीच आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. फिलाडेल्फियाच्या परिषदेची माहिती मी वर्गात सांगत होतो. १७८७ च्या मे महिन्यात परिषद भरली, एकंदर ५५ प्रतिनिधी हजर राहिले, १७ सप्टेंबरला त्यांतल्या ३९ जणांनी सह्या केल्या, वगैरे वगैरे. इतक्यात मधल्या बाकावरची, एरवी फारसे न बोलणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली.

“सर, त्या पंचावन्न जणांत आमच्यासारखं कोणी होतं का?”

वर्गात खसखस पिकली. ‘आमच्यासारखं’ म्हणजे काय, हे मला नीट कळले होते. तिची वस्ती गावाबाहेर आहे. रोज एस.टी.ने ती कॉलेजला येते. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. मी म्हणालो, “नाही. त्यात एकही बाई नव्हती, एकही काळा माणूस नव्हता. उलट बऱ्याच जणांच्या घरी गुलाम होते. पण ते त्या काळाचे होते.” एवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

सुटलो असे तेव्हा वाटले. पण घरी गेल्यावर ते उत्तर मलाच टोचू लागले. ‘ते त्या काळाचे होते’ हे वाक्य आपण किती सहज वापरतो! पण त्या काळातली सगळी माणसे खरोखरच तसा विचार करीत होती काय? याचे उत्तर वैशिष्ट्यांच्या यादीत सापडणे शक्य नव्हते. मग ज्या वादविवादांतून ही घटना घडली, ते मी पहिल्यांदाच मनापासून वाचायला घेतले. इतकी वर्षे हा विषय शिकवणाऱ्याने हे कबूल करायला लाज वाटते, पण खरे तेच सांगितले पाहिजे.

परिषद बंद दाराआड भरली होती. आत काय बोलले गेले ते बाहेर फुटू द्यायचे नाही, असा तिचा नियम होता. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन मात्र दररोज टिपणे घेत होते. ती छापून आली १८४० साली, म्हणजे मॅडिसन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. ही टिपणे वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की आपण ज्याला ‘वैशिष्ट्य’ म्हणतो, ते त्या सभागृहात कुणाचेच एकमुखी मत नव्हते. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखे प्रतिनिधित्व आहे, असे आपण एका ओळीत लिहितो. प्रत्यक्षात लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मागणारी मोठी राज्ये आणि समान जागांवर अडून बसलेली लहान राज्ये यांच्यात कित्येक आठवडे रस्सीखेच चालली होती. १६ जुलैला तडजोड झाली, तीही पाच राज्यांच्या मतांविरुद्ध चार अशी काठावर. एका राज्याचे मत इकडचे तिकडे झाले असते, तर आमच्या वह्यांतले एक वैशिष्ट्य निराळे झाले असते!

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. प्रतिनिधिगृहाच्या जागा लोकसंख्येवर ठरवायच्या, तर गुलामांना मोजायचे की नाही, हा प्रश्न उभा राहिला. तोडगा निघाला तो असा, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरायची. गुलामांना मत नाही, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना जादा जागा! याविरुद्ध ८ ऑगस्टला गव्हर्नर मॉरिस नावाचे पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी उठले. (गव्हर्नर हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे.) त्यांचा सवाल सरळ होता. गुलामांना माणूस म्हणून मोजता काय? मग त्यांना नागरिक करा आणि मत द्या. मालमत्ता म्हणून मोजता काय? मग दुसरी कोणतीही मालमत्ता का मोजत नाही? या सवालाला सभागृहात धड उत्तर मिळाले नाही. पुढे २१ ऑगस्टला गुलामांच्या आयातीचा विषय निघाला, तेव्हा दक्षिण कॅरोलिनाचे जॉन रटलेज यांनी तर सांगूनच टाकले की, या प्रश्नाशी धर्माचा आणि माणुसकीचा काही संबंध नाही, इथे प्रश्न हितसंबंधांचा आहे. दुसऱ्याच दिवशी व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी या व्यापारावर कडाडून टीका केली, आणि मेसन स्वतः अनेक गुलामांचे मालक होते! अखेर सौदा ठरला की, १८०८ पर्यंत काँग्रेसने या आयातीला बंदी घालायची नाही. मूळ घटनेच्या मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द मात्र कुठेही येऊ दिला नाही. गुलामीचे नाव त्या घटनेत प्रथम आले ते १८६५ साली, तेराव्या दुरुस्तीने ती रद्द करताना.

म्हणजे माझे उत्तर चुकीचे होते. त्या काळाला कळत नव्हते असे नाही. त्याच सभागृहात, त्याच उन्हाळ्यात, खरे काय ते कुणीतरी बोलून दाखवले होते. इतरांनी ते ऐकले होते आणि ऐकून बाजूला ठेवले होते. वैशिष्ट्यांची यादी हे लपवते, वाद हे उघडे करतो.

सभागृहाबाहेर तर याहून मोठी गोष्ट घडून गेली होती. मॅसॅच्युसेट्स राज्याची स्वतःची घटना १७८० साली झाली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे तीत म्हटले होते. शेफील्ड गावी जॉन ॲश्ली यांच्या घरी बेट नावाची एक गुलाम स्त्री होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण ही भाषा तिच्या कानांवर पडली आणि तिने वकील गाठला. सर्व माणसे समान असतील, तर मी गुलाम कशी, असा तिचा दावा होता. १७८१ साली ज्यूरीने निकाल दिला की, ती आणि तिच्याबरोबरचा ब्रोम हे ॲश्ली यांची मालमत्ता नव्हेत. पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन या नावाने ओळखली जाऊ लागली. फिलाडेल्फियाची परिषद भरण्यापूर्वी सहा वर्षे, एका निरक्षर स्त्रीने घटनेचा अर्थ तिथल्या कित्येक विद्वानांपेक्षा अधिक नेमका लावला होता! ‘आमच्यासारखं कोणी होतं का?’ होते. सभागृहात नव्हते, पण होते.

दुसरी शिकवण हरलेल्या पक्षाकडून मिळते. घटनेचा मसुदा राज्यांच्या मंजुरीसाठी गेला, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठे रण माजले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख लिहून घटनेची बाजू मांडली. त्यांची नावे आपल्या क्रमिक पुस्तकांत येतात. पण विरोधी बाजूने ‘ब्रूटस’ या नावाने कोणी तितक्याच तयारीने लिहीत होते, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ब्रूटसचे म्हणणे असे की, एवढ्या अफाट देशात प्रतिनिधी लोकांपासून दूर जातात. लोक त्यांना ओळखत नाहीत, ते लोकांना ओळखत नाहीत, आणि सत्ता हळूहळू केंद्राकडे ओढली जाते. मॅडिसन यांचे उत्तर नेमके उलट होते. लहान प्रदेशात एखादा गट सहज बहुमत जमवून दुर्बळांना चिरडू शकतो. देश मोठा असला म्हणजे गट पुष्कळ होतात आणि कुणा एकाला तसे करणे अवघड जाते.

हा वाद आम्हा तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना परका वाटण्याचे कारण नाही. सरकारी कामासाठी मुंबईच्या खेपा घातलेल्या माणसाला ब्रूटस पटतो. गावाने एकदिलाने वाळीत टाकलेल्या घराला मॅडिसन पटतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांतल्या संकुचितपणावर जी टीका केली, तिच्याशी मॅडिसन यांचा हा मुद्दा ताडून पाहावा.

आणि ब्रूटसचा पक्ष हरला तरी रिकाम्या हाताने गेला नाही. घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, ही त्या पक्षाची मुख्य तक्रार होती. मेसन यांनी परिषदेतच ती मागितली होती. ती फेटाळली गेली आणि त्यांनी सही केली नाही. अशी सनद अनावश्यक, किंबहुना धोक्याची आहे, असा युक्तिवाद हॅमिल्टन यांनी केला. परंतु विरोध इतका तीव्र होता की, व्हर्जिनियात घटना ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ अशा मतांनीच मंजूर झाली. शेवटी मॅडिसन यांनाच १७८९ साली दुरुस्त्या मांडाव्या लागल्या आणि १७९१ च्या डिसेंबरात त्यांतल्या दहा मंजूर झाल्या. आज अमेरिकन माणूस भाषणस्वातंत्र्याचा हक्क ज्या सनदेवर सांगतो, ती बऱ्याच अंशी पराभूत पक्षाची देणगी आहे. विरोधकाला देशद्रोही ठरवण्याची घाई झालेल्यांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावे.

कुणी म्हणेल, गुलाम बाळगणाऱ्यांचे विचार आम्ही शिकायचेच कशाला? हा प्रश्न अमेरिकेतच विचारला गेला आहे. गुलामीचे कट्टर विरोधक विल्यम गॅरिसन यांनी ४ जुलै १८५४ रोजी भर सभेत घटनेची प्रत जाळली. पण स्वतः गुलामीत जन्मलेले आणि तिच्यातून निसटलेले फ्रेडरिक डग्लस आधी गॅरिसन यांच्या बाजूचे असूनही, घटना अभ्यासून वेगळ्या मतावर आले. या घटनेचे शब्द गुलामीविरुद्ध वापरता येतात, मग ते मालकांच्या हाती का सोडावे, अशी त्यांची भूमिका होती. मला डग्लस यांचे पटते. पूजा करणाराही ग्रंथ वाचत नाही आणि जाळणाराही वाचत नाही. वाचतो तो भांडणारा.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखले गेले होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि कशासाठी? घटना लिहिली म्हणून नव्हे, तर गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. अमेरिकेच्या वादातली कोणती बाजू आपली, हे पुण्यात बसून त्यांना अचूक दिसले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जेफरसन यांचा दाखला दिला : एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. जेफरसन यांनी आयुष्यात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. तरी त्यांचा हा विचार आंबेडकरांनी टाकून दिला नाही, स्वतःच्या कामाला लावला. अभ्यास करायचा तो असा.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. वैशिष्ट्ये एका तासात संपवावीत आणि उरलेले तास वादाला द्यावेत. पब्लियसचा एक लेख, ब्रूटसचा एक लेख आणि मॅडिसन यांच्या टिपणांतला एखादा दिवस प्राध्यापकांनी मराठीत समजावून सांगावा. हे सारे साहित्य आज इंटरनेटवर फुकट मिळते, त्यामुळे ग्रंथालयात पुस्तक नाही ही सबब चालणार नाही. नंतर वर्गाचे दोन पक्ष करून भांडू द्यावे.

यंदा मी हा प्रयोग केला. तीन तास जादा गेले. “सर, नोट्स कधी देणार?” असे काही जणांनी काकुळतीने विचारले, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण परीक्षा अजून यादीचीच आहे. ती विद्यार्थिनी आता तृतीय वर्षात आहे. तिला मी मुद्दाम बोलावून गेल्या वर्षीचे माझे उत्तर मागे घेतले आणि एलिझाबेथ फ्रीमनची हकिकत सांगितली. आपल्या घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या आणि त्यांत दाक्षायणी वेलायुधन या दलित समाजातून आलेल्या सदस्या होत्या, हेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग हे पुस्तकात का नाही, सर?”

पुस्तके लिहिणाऱ्यांनी, अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या नोट्स देणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. ‘ते त्या काळाचे होते’ असे म्हणून आपल्याला यावेळी सुटता येणार नाही. हा काळ आपला आहे.