यंत्राला कुंपण घाला!

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे खेडे आहे. वस्ती जेमतेम दीड हजारांची. या गावच्या ग्रामपंचायतीच्या खात्यावरून सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. गुन्हा दाखल झाला, सरकारने विशेष तपास पथक नेमले. दोषी कोण, हे यथावकाश न्यायालय ठरवील. परंतु या प्रकरणातील मूळ प्रश्न मात्र घुसखोरीच्या आरडाओरडीत बुडून गेला. दाखले कोणत्या प्रांतातल्या, कोणत्या धर्माच्या लोकांना मिळाले, याचीच चर्चा रंगली. दीड हजारांच्या गावात रोज सरासरी तीनशे मुले जन्मल्याची नोंद होते आणि तरीही कोठे धोक्याची घंटा वाजत नाही, अशी व्यवस्था कोणी उभारली, हा जाब विचारण्याची निकड फारशी कोणास भासली नाही.

राज्यकारभार काय नि व्यापार काय, आता दूरवरून चालतो. नोंदवही कोठल्या तरी दूरच्या संगणकात असते आणि तिची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, खेड्यातल्या ग्रामसेवकाच्या किंवा कंत्राटी संगणक परिचालकाच्या हाती असते. हा परिचालक किमान वेतनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी यासाठी वर्षानुवर्षे झगडत आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांची कामे आपल्या गावी घरी बसून करणारा तरुण वर्गही त्याच्या पंक्तीला आला. कार्यालयाच्या भिंती, पहारेकरी आणि तंत्रज्ञ मालकाच्या शहरात राहिले. जोखीम तेवढी कामगाराच्या घरी आली. वरिष्ठांच्या नावाने बनावट संदेश येतो, 'मुख्य कार्यालयातून बोलतोय' म्हणून ओटीपी मागितला जातो, दुरुस्तीच्या निमित्ताने एखादे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगितले जाते, आणि क्षणार्धात संगणकाचा ताबा परक्याच्या हाती जातो.

मग मालकाचे ठरलेले उत्तर येते : 'कामगाराचा निष्काळजीपणा!' कापसाच्या या जिल्ह्याला हे उत्तर नवे नाही. जिनिंग कारखान्यात पट्ट्यात सापडून हात तुटला की पूर्वीचा मालकही हेच म्हणे. श्रमिकांच्या लढ्यांनी त्याला निरुत्तर केले. धोकादायक यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकावर टाकली. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेने घेतली असली, तरी त्यामागचे तत्त्व जुने झालेले नाही. माणूस थकतो, घाईत असतो, चुकतो. म्हणूनच त्याच्या एका चुकीने अनर्थ होऊ नये अशी रचना करणे हे यंत्राच्या धन्याचे कर्तव्य ठरते. संगणकाला हा नियम का लागू नसावा?

लहान संस्थांना हा खर्च झेपणार कसा, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु निष्काळजीपणाची किंमत त्याहून मोठी असते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. पैसे देण्यास मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि देशोदेशींच्या एटीएममधून व परदेशी खात्यातून मिळून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. शतकाहून जुन्या, मोठ्या बँकेची ही गत, तर तालुक्याची पतसंस्था किंवा ग्रामपंचायत एकट्याने काय करणार? जिल्हा पातळीवर सर्वांसाठी मिळून तंत्रज्ञांचे पथक नेमणे हे सरकारचे आणि सहकारी महासंघांचे काम आहे. कामगाराचे रक्षण हेच संस्थेचेही रक्षण होय.

कायदे नाहीत असे नाही. हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत देण्याचे बंधन सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये संस्थांवर घातले. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेल्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु मालकाला नुकसानीपासून वाचवण्याच्या कारणासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभाही हाच कायदा देतो. सुरक्षेच्या नावाखाली कामगाराच्या घरात डोकावणारा पहारा उभा राहण्याचा धोका येथे आहे. मालकाच्या नुकसानीची चिंता कायद्याने वाहिली; ज्याची किल्ली चोरीला गेली त्या कामगाराची चिंता कोण वाहणार?

म्हणूनच मागण्या स्पष्ट हव्यात. कामाचा संगणक आणि त्याची सुरक्षा मालकाने पुरवावी. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. एकाच्या किल्लीवर चौघांनी काम करण्याची सक्ती बंद व्हावी. केवळ परवलीच्या शब्दावर दार उघडू नये, दुसरी खातरजमा असावी. अचाट संख्येने नोंदी होऊ लागताच यंत्रणा आपोआप थांबावी. प्रशिक्षण मराठीतून आणि पगारी वेळेत मिळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : फसवणूक झाल्याचे तत्काळ कळवणाऱ्या कामगारास बडतर्फी वा पगारातून वसुलीची शिक्षा होऊ नये. शिक्षेची धास्ती असली की माणूस चूक लपवतो, आणि लपवलेल्या प्रत्येक तासाचा लाभ चोराला होतो.

कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसू नये. तालुक्यातील संगणक परिचालक, बँकांचे कर्मचारी आणि घरून काम करणारे तरुण यांना एकत्र आणावे, आणि वेतनाच्या मागणीशेजारी सुरक्षेची मागणी मांडावी. जिनच्या पट्ट्याला कुंपण कोणा मालकाच्या दयेने पडले नव्हते. संगणकालाही ते तसे पडणार नाही.