टॉवर एक, चॅनेल चार

सॅन फ्रान्सिस्कोत टेकडीवर 977 फूट उंच सुट्रो टॉवर आहे, 1973 पासून चालू. बांधला कोणी? चार टीव्ही स्टेशन्सनी, एकत्र कंपनी काढून. जाहिरातींसाठी एकमेकांचे पक्के स्पर्धक, बरं का! पण उंच जागा सगळ्यांनाच हवी होती. शिवाय प्रेक्षकाने अँटेना एकाच दिशेला फिरवली की चौघेही दिसणार. भांडायचं ते कार्यक्रमांवर.

मग एकाच गावातल्या तीन मसालेवाल्यांनी कर्ज काढून तीन कांडप मशीन कशाला घ्यायच्या? माझ्या मते एक पुरते. चव तुमची, गिऱ्हाईक तुमचं. फक्त आधी नंबर कोणाचा, दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा, हे पहिल्याच दिवशी लेखी घ्या. भर एप्रिलमध्ये, मिरचीची पोती दारात असताना हे ठरत नसतं.