पाच वर्षांची मुदत आणि रिकामे सभागृह

लोकशाही विकेंद्रीकरणाच्या इतिहासात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा वाटा मोठा आहे. या दोहोंचा बराचसा भाग १९४९ पर्यंत एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता. खटाव तालुक्यातील औंध आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी व कुंडल ही गावे ज्या चिमुकल्या संस्थानात होती, त्या औंधच्या अधिपतींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. गावपंचायत, तालुका समिती आणि विधिमंडळ अशी त्या राज्यघटनेची चढती रचना होती. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने याच मुलखात गावोगाव लोकांचा कारभार उभा केला. देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कऱ्हाडात घडलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. हा वारसा सांगताना आपला ऊर अभिमानाने भरून येतो. म्हणूनच अलीकडच्या काळात या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला जे आले, त्याचा विचार शांतपणे पण परखडपणे करणे अगत्याचे आहे.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी दोन्ही जिल्हा परिषदांसाठी मतदान झाले. साताऱ्यात ६४ आणि सांगलीत ६० सदस्य निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवे सदस्य निवडले गेले नाहीत, म्हणून कारभार प्रशासकांकडे गेला आणि २०२५ साल सरले तेव्हाही तो त्यांच्याकडेच होता. सांगली, मिरज व कुपवाड महानगरपालिकेची कथा निराळी नाही. तेथील ७८ नगरसेवक ऑगस्ट २०१८ मध्ये निवडले गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढचे मतदान होण्यास १५ जानेवारी २०२६ उजाडावा लागला. मार्च २०१७ मध्ये ज्या तरुणाने वयाची अठरा वर्षे पूर्ण केली, त्याला जिल्हा परिषदेसाठी पहिले मत देण्यापूर्वी सव्विसावे वर्ष ओलांडावे लागले. महाविद्यालयात नागरिकशास्त्र शिकून तो बाहेर पडला, कदाचित नोकरीलाही लागला. पण आपल्या गटाचा प्रतिनिधी निवडण्याचा साधा अनुभव त्याला मिळाला नाही.

हा विलंब कशामुळे झाला? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी स्वतंत्र माहिती गोळा करण्यासह काही अटी घातल्या. त्या वेळेत पूर्ण झाल्या नाहीत. प्रभाग व गट यांची रचना कोणी आणि कशी करावी याविषयी कायदे बदलले, ते बदल पुन्हा बदलले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने निवडणुका अडवू नका असे बजावले. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील 'जैसे थे' आदेशाने प्रश्न गोठून राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने पूर्वीच्या आरक्षणानुसार निवडणुका घेण्यास सांगितले. या अवधीत राज्यातील सरकार बदलले, पण रिकामे सभागृह भरण्याची निकड कोणत्याही पक्षाला तीव्रतेने जाणवल्याचे दिसले नाही. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा होता हे निर्विवाद. मात्र तो सुटेपर्यंत कोणाचेच प्रतिनिधित्व नसावे, हा त्याचा तोडगा होऊ शकत नाही. मागासवर्गीयांची आणि निम्म्या जागांवर हक्क असलेल्या स्त्रियांचीही त्यात हानीच झाली.

यावर असे म्हटले जाते की, प्रशासकाच्या काळात काय बिघडले? शाळा भरत होत्या, दवाखाने चालू होते, पगार होत होते. शिवाय गटबाजी नव्हती, सभापतिपदाची ओढाताण नव्हती. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. साखर कारखाना, बँक आणि जिल्हा परिषद यांची सूत्रे ठरावीक घराण्यांच्या हाती एकवटतात, हे आपण पाहत आलो आहोत. परंतु प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी त्याचे उत्तरदायित्व वर, मंत्रालयाकडे असते. शाळेचे छप्पर गळते म्हणून भर सभेत त्याला धारेवर धरणारा कोणी नसतो. शिक्षकाची रिकामी जागा किंवा रखडलेली पाणीयोजना यांविषयी ग्रामस्थाने दाद मागायची ती अर्ज देऊन. आणि ज्याला अर्जापलीकडे काही करता येत नाही, तो नागरिक हळूहळू याचक बनतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. १९६१ च्या कायद्याने आमदार व खासदार यांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व दिले नाही. जिल्ह्याच्या पातळीवर नवे नेतृत्व मोकळेपणाने वाढावे, हे त्याचे फलित होते. सांगली जिल्ह्यातील आर. आर. पाटील १९७९ मध्ये जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणूनच सार्वजनिक जीवनात पुढे आले आणि ग्रामविकास मंत्री या नात्याने त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान राबविले. सभागृहच रिकामे राहिले म्हणजे ही पाठशाळा बंद पडते. जिल्हा नियोजन समितीत चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या सदस्यांतून निवडायचे असतात. ते नसले की जिल्ह्याच्या निधीवर पालकमंत्री, आमदार आणि अधिकारी यांचाच शब्द चालतो. ज्या मक्तेदारीला आवर घालण्यासाठी विकेंद्रीकरण आले, तिलाच अशाने बळ मिळते.

२४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, असे ठरविले आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असा दंडक घातला. नियम आहे, तो मोडल्याचा जाब द्यावा लागत नाही, ही खरी उणीव आहे. ब्रिटनमधील वेल्स या लहानशा प्रांतात बावीस परिषदांच्या निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात. तेथेही २०१६ मध्ये व्हायच्या निवडणुका दुसऱ्या एका निवडणुकीशी गर्दी होऊ नये म्हणून २०१७ वर नेण्यात आल्या. पण ते वर्षभर निवडून आलेले सदस्यच कामावर राहिले. आपल्याकडे मुदतवाढीची वाट घटनेने बंद केली आहे आणि ते योग्यच आहे. मग तारीख पाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

त्यासाठी उपाय अवघड नाहीत. गटरचना व आरक्षण यांचे काम मुदत संपण्यापूर्वी सहा महिने पुरे झालेच पाहिजे. ते न झाल्यास मागील रचनेवरच मतदान घ्यावे, असे कायद्यात स्पष्टपणे नमूद करावे. वाद न्यायालयात गेला तरी निकाल पुढच्या निवडणुकीला लागू व्हावा. याची मागणी राजकीय पक्ष आपण होऊन करतील अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे. मतदान केंद्रावर दिवसभर बसून यंत्रे सांभाळणारे शिक्षक, मतदारयाद्या नीटनेटक्या करणारे कारकून आणि पहिल्या मताची वाट पाहून कंटाळलेले विद्यार्थी यांनीच ती लावून धरली पाहिजे. औंधच्या अधिपतींनी हाती असलेली सत्ता आपण होऊन लोकांना दिली. स्वतंत्र भारतात लोकांची सत्ता लोकांना ठरल्या दिवशी मिळावी, एवढीच ही मागणी आहे.