सरकारी वकील, मतदार आणि बंदुका

फिलाडेल्फिया शहराच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी लॅरी क्रॅसनर यांना तिसऱ्यांदा आपला सरकारी वकील म्हणून निवडले. गुन्हेगारी आणि सार्वजनिक सुरक्षितता यांविषयीचे त्यांचे विचार सर्वश्रुत आहेत, आणि त्यांवर आठ वर्षे एवढे रण माजले आहे की, मतदार फसले असे म्हणण्याची सोय कोणालाच उरलेली नाही. जे झाले ते समजून-उमजून झाले. म्हणूनच या निकालाची छाननी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्याकडे सरकारी वकिलाची नेमणूक राज्य सरकार करते. त्याने मते मागत दारोदार हिंडावे ही कल्पनाच आपल्या वाचकांना चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत अलास्का, कनेक्टिकट, न्यू जर्सी अशी मोजकी राज्ये वगळली, तर हा अधिकारी लोकनियुक्त असतो. त्याच्या हाती असलेली सत्ताही आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठी आहे. पोलिसांनी पकडलेल्या इसमावर खटला भरायचा की नाही, कोणता आरोप ठेवायचा, आणि त्याने गुन्हा कबूल केल्यास किती शिक्षेवर तडजोड करायची, हे सारे त्याच्या कचेरीत ठरते. आणि तिकडे शंभरांतल्या नव्वदांहून अधिक शिक्षा अशा कबुलीनेच होतात. न्यायासनासमोर पुरावा तपासला जाण्याची वेळ फारच थोड्यांवर येते.

अशा जागेसाठी २०१७ साली क्रॅसनर उभे राहिले. तीस वर्षे आरोपींची वकिली केलेला, पोलिस खात्याविरुद्ध सुमारे ७५ दावे लढलेला हा उमेदवार! तुरुंग भरल्याने शहर सुरक्षित होत नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत सात जणांच्या गर्दीतून ते पुढे आले. त्यात जॉर्ज सोरोस यांनी ओतलेल्या दहा लाखांहून अधिक डॉलरचा वाटा होता, हेही नमूद केले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये सूत्रे हाती घेताच पहिल्याच आठवड्यात त्यांनी कचेरीतील ३१ जणांना घरी बसविले. पाठोपाठ फरमाने निघाली : पंचवीस प्रकारच्या हलक्या गुन्ह्यांत रोख जामीन मागू नये, ५०० डॉलरच्या आतील दुकानचोरी सामान्यतः किरकोळ अपराध समजावी, आणि शिक्षा मागताना एका कैद्यामागे वर्षाला पडणारा सुमारे ४२ हजार डॉलरचा खर्च न्यायालयास स्पष्ट सांगावा. हा शेवटचा दंडक आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. एवढ्या रकमेत नव्या शिक्षकाचा वर्षाचा पगार निघतो, असे त्या फरमानातच म्हटले होते. जामिनाच्या सुधारणेचा पुढे दोन अभ्यासकांनी धांडोळा घेतला, तेव्हा सुटलेले आरोपी तारखांना हजर राहण्याच्या किंवा पुन्हा पकडले जाण्याच्या प्रमाणात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. चुकीने शिक्षा झालेल्या चाळीसहून अधिक जणांची सुटकाही याच कारकिर्दीत झाली.

मग खुनांचे काय? क्रॅसनर येण्यापूर्वी, २०१७ मध्ये, शहरात ३१५ खून झाले होते. २०२१ मध्ये ५६२ झाले. १९९० चा ५०० चा उच्चांकही मागे पडला. विरोधकांनी हे सारे रक्त त्यांच्या माथी मारले. पुढे २०२४ मध्ये हाच आकडा २६९ वर आला आणि २०२५ मध्ये आणखी उतरला. माणूस तोच, धोरणही बव्हंशी तेच. ज्या तर्काने वाढीचे पाप त्यांच्या पदरात घालायचे, त्याच तर्काने उताराचे पुण्यही घालावे लागेल. आणि त्याला विरोधक तयार नाहीत. पण क्रॅसनर यांचे समर्थक तरी कोठे सुसंगत आहेत? वाढ झाली तेव्हा ते महामारीकडे आणि देशभरच्या लाटेकडे बोट दाखवीत, आणि उतार सुरू होताच श्रेय घेण्यास पुढे सरसावले! वस्तुतः २०२० मध्ये साऱ्या अमेरिकेतच खून सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. जेथे कडक शिस्तीचे सरकारी वकील होते तेथेही वाढले.

याचा अर्थ क्रॅसनर सर्वस्वी निर्दोष, असा मात्र नव्हे. बेकायदा बंदूक बाळगल्याच्या खटल्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत घसरले. साक्षीदार येत नाहीत, ही अडचण खरी. परंतु बंदुकीमागे धावण्यापेक्षा ती झाडणाऱ्याला गाठावे, हा त्यांचा आग्रहही त्या काळात पुरता निर्धोक ठरला असे आम्हांस वाटत नाही. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये, खुनांचा उच्चांक होत असतानाच, शहरात हिंसाचाराचे संकट नाही असे ते बोलून गेले! माजी महापौर मायकेल नटर यांनी त्यांना खरमरीत शब्दांत सुनावले. मरणारे बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतले तरुण होते. आपले शब्द नीट नव्हते, हे क्रॅसनर यांनी पुढे मान्य केले.

या वादात पोलिसांचा विचार सहसा होतच नाही. २०२१ मध्ये निम्म्याहून अधिक खुनांचा छडाच लागला नव्हता. ज्याला पकडलेच नाही त्याच्यावर सरकारी वकील, तो कितीही कठोर असला तरी, खटला कसला भरणार? शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा तिची निश्चिती गुन्ह्यास अधिक आवर घालते, हे बेक्कारियाने १७६४ मध्येच सांगून ठेवले आहे. अलीकडे छडा लागण्याचे प्रमाण पुष्कळ सुधारले आहे, आणि खून घटण्याचा काळही तोच आहे. यातला कार्यकारणभाव किती, हे तपासण्यासारखे आहे.

राजकारण्यांनी मात्र तपासापेक्षा शिक्षेचीच भाषा पसंत केली. राज्याच्या प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १०७ विरुद्ध ८५ मतांनी क्रॅसनर यांच्यावर महाभियोग लादला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो रद्दबातल ठरविला. २०२५ मध्ये माजी न्यायाधीश पॅट्रिक डुगन यांनी त्यांना मे महिन्यात आपल्या पक्षात आणि नोव्हेंबरात रिपब्लिकनांच्या बाजूने, असे दोनदा आव्हान दिले व दोन्ही वेळा ते हरले. क्रॅसनर यांनी प्रचाराचा रोख राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर ठेवला होता. मते मिळविण्याचा तो खात्रीचा मार्ग असेल, पण रात्री घराबाहेर पडणाऱ्या नागरिकाच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध दूरचाच. त्यांच्या कचेरीने आपल्या खटल्यांचे आकडे २०१९ पासून जनतेला पाहावयास खुले केले आहेत. या तिसऱ्या कारकिर्दीचे माप घेऊ इच्छिणाऱ्यांनी त्यातला बेकायदा बंदुकांचा रकाना आधी उघडावा.