बुक्का लावून या

नास्तिकाने विचारावं, कट्टर आणि उदार धार्मिकात फरक तो काय? देव तोच, पोथी तीच. एक सगळं पाळतो, दुसरा सोयीचं तेवढं. अमेरिकी लेखक सॅम हॅरिस यांनी 2004 साली ‘द एंड ऑफ फेथ’मध्ये पुढची पायरी गाठली: उदार माणूस श्रद्धेची चिकित्सा होऊ देत नाही, आणि त्याच्या आडोशाला कट्टर माणूस पोसला जातो. बरीच वर्षं मला हे पटायचं. आता निम्मं पटतं.

पटतं ते जादूटोणाविरोधी कायद्यामुळे. नरबळी, भूत उतरवायला केलेली मारहाण असल्या गोष्टींविरुद्धचं ते विधेयक. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक, पण देवाधर्माला आमचा विरोध नाही, हे त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) घसा कोरडा होईपर्यंत सांगत होती. तरी वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार अशी हूल कट्टरांनी उठवली आणि काही वारकरी संघटनाही विरोधात उतरल्या. विधेयक वर्षानुवर्षं रखडलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. मग आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना तो लागू नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. भाबड्या भीतीने एवढी वर्षं खाल्ली.

न पटणारं निम्मं माझ्या घरात आहे. आई एकादशी करते. त्या दिवशी मी तिच्यासमोर ऑम्लेट खातो (मुद्दाम, हे कबूल करतो), तर ती फक्त आपलं साबुदाण्याचं ताट लांब सरकवते. एवढंच. पाळीत बाजूला बसणं तिने तरुणपणीच सोडलं, कारण सकाळी नोकरीवर जायचं असे. कुठल्या पोथीने तिला तशी मुभा दिली नव्हती. पोथी होती तशीच राहिली, आईने ते पान उघडणं थांबवलं. कोणतं पान उघडायचं हे पोथी ठरवत नाही, आईचा विवेक ठरवतो. माझंही त्याच विवेकावर चालतं. ती त्याचं श्रेय विठ्ठलाला देते, मी देत नाही. या फरकाला क्षुल्लक म्हणणारा नास्तिक मला आळशी वाटतो.

तक्रार वेगळीच आहे. न उघडलेल्या पानाबद्दल ती बाहेर चकार शब्द काढत नाही. भजनी मंडळात तेच पान कुणी मोठ्याने वाचलं की मान खाली घालून टाळ वाजवते. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा?’ म्हणते. मोठ्याने वाचणाऱ्याला मग सगळं मंडळ आपल्याच बाजूचं वाटतं.

दर 20 ऑगस्टला सकाळी त्या पुलावर कार्यकर्ते जमतात. आई, यंदा तूही चल. आणि वाचकहो, तुम्हीही या, माळ घालून, बुक्का लावून या. तिथे तो पुसायला कुणी सांगणार नाही.